मौन आणि रितेपणा

चित्रांत कांहीं काढलेलें नसणें आणि चित्रांत कांहीं नसणें या दोन गोष्टी एकच होत, अशी समजूत आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अद्याप बरीच दृढ आहे. नाटकांतील भूमिका, कादंबरीचें कथानक, गवयाची तान यांविषयीं ज्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर तासतास वाद रंगतात, त्याच घरांतील माणसें अमूर्त चित्रासमोर आलीं म्हणजे एक तर हसून पुढें सरकतात, किंवा आपणांस कळलें नाहीं हें कोणास कळूं नये म्हणून नको तितका वेळ मान डोलावीत राहतात. या दोघांपैकीं हसणारा प्रेक्षक आम्हांस अधिक जवळचा वाटतो. 'यांत आहे काय?' हा एक खरा प्रश्न त्याच्या हसण्यांत असतो. मान डोलावणाऱ्याच्या सोयीसाठीं मात्र अलीकडे एक शब्द तयार होऊन बसला आहे, आणि तो म्हणजे 'ध्यान'. ज्या चित्रांत आकृति नाहीं, रंग मोजके आहेत आणि पृष्ठभागावर धुक्यासारखा पडदा आहे, त्यास प्रदर्शनाच्या पुस्तिकेंत 'ध्यानमग्न' म्हणून टाकावें, म्हणजे चित्रकाराचें काम झालें, टीकाकाराचेंही झालें, आणि प्रेक्षकानें चेहरा गंभीर केला कीं त्याचेंही झालें!

हा शब्द इतका स्वस्त होऊं देणें बरें नव्हे, असें आमचें मत आहे. ध्यान ही आपल्या परंपरेनें कष्टसाध्य मानलेली अवस्था आहे. एखाद्या चित्रास तें विशेषण द्यावयाचें तर तें कोणत्या पुराव्यावर, हें विचारण्याचा अधिकार प्रेक्षकास आहे, व उत्तर देण्याचा भार टीकाकारावर आहे. शिवाय हा प्रश्न आतां केवळ अभिरुचीचा राहिलेला नाहीं. १९ डिसेंबर २०१३ रोजीं क्रिस्टीज या लिलाव करणाऱ्या संस्थेनें भारतांतील आपला पहिला लिलाव मुंबईंत केला. त्यांत वासुदेव संतू गायतोंडे यांचें १९७९ सालचें एक शीर्षकहीन चित्र २३ कोटि ७० लक्ष रुपयांस गेलें. वर्तमानपत्रांत हा आंकडा वाचणाऱ्या हजारों लोकांपैकीं चित्र पाहिलेले किती असतील? आंकडा कळला, चित्र कळलें नाहीं, अशा अवस्थेंत खरें कोणतें व नक्कल कोणती हें ओळखावें कसें? प्रस्तुत लेखांत आम्ही या प्रश्नाचा विचार एका साध्या, घरगुती द्रव्याच्या आधारें करणार आहों. तें द्रव्य म्हणजे मेण. कारण चिंतनपर म्हणविल्या जाणाऱ्या अमूर्त चित्रकलेची एक मोठी शाखा मेणाच्या थरांवर उभी आहे, आणि थर ही वस्तु अशी आहे कीं तिच्याविषयीं बोलतांना मोघम राहतां येत नाहीं.

मेणांत रंग कालवून चित्र काढण्याच्या रीतीस युरोपीय भाषांत 'एन्कॉस्टिक' म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा धात्वर्थ 'आंत भाजून बसविलेलें' असा आहे. आम्ही अशा चित्रास सरळ 'मेणचित्र' म्हणूं. मधमाशांचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सिअसवर वितळतें. त्यांत थोडी राळ घातली म्हणजे निवल्यावर तें अधिक कठीण होतें. या वितळलेल्या मेणांत रंगाची पूड कालवावयाची आणि तें गरम आहे तोंवर कुंचल्यानें फळीवर द्यावयाचें. कुंचला फळीला लागतो न लागतो तोंच मेण थिजूं लागतें. तेलरंग दिवसच्या दिवस ओला राहून चित्रकारास फेरविचाराची सवड देतो. मेण ती देत नाहीं. एक थर थिजला कीं त्यावर दुसरा द्यावयाचा, आणि दुसरा दिला कीं त्यास पुन्हां ऊब देऊन खालच्या थराशीं एकजीव करावयाचा. ऊब कमी पडली तर वरचा थर पुढें पापुद्र्यासारखा सुटून येतो. अधिक झाली तर खालचे रंग वितळून वर येतात आणि कित्येक दिवसांचें काम घटकाभरांत नासतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर मेणाच्या अंगच्या एका गुणांत आहे. मेण पूर्ण पारदर्शक नाहीं, पूर्ण अपारदर्शकही नाहीं. त्यावर पडलेला प्रकाश पहिल्याच थरावरून परत फिरत नाहीं. तो कांहीं अंतर आंत जातो, खालच्या रंगास स्पर्श करतो आणि मग बाहेर येतो. त्यामुळें मेणचित्राचा रंग वरून लावल्यासारखा न दिसतां आंतून उमटल्यासारखा दिसतो. शिवाय थिजलेलें मेण खरवडतां येतें, त्यावर रेघ कोरतां येते, त्यांत कागद, कापड, दोरा असें कांहींही पुरतां येतें. ज्यास आज मिश्र माध्यम म्हणतात तें मेणास जन्मतःच मानवतें. कारण मेण हें रंगाचें वाहन आहे, तसेंच तें चिकटविण्याचें आणि झांकण्याचेंही साधन आहे.

हें झांकणें पुष्कळ जुनें आहे. इ. स. च्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार थोरला प्लिनी यानें आपल्या 'निसर्गेतिहासा'च्या ३५ व्या खंडांत मेणचित्रांविषयीं लिहितांना, ही कला प्रथम कोणीं शोधली तें निश्चित नाहीं, असें नमूद केलें आहे. म्हणजे त्याच्या काळींच ती जुनी झाली होती. प्लिनीनें वाखाणलेल्या ग्रीक चित्रकारांच्या कृति आज उरलेल्या नाहींत. परंतु इजिप्तमधील फायूम प्रांतांत, इसवी सनाच्या पहिल्या तीन शतकांत, मृत माणसाचा चेहरा पातळ फळीवर रंगवून ती फळी त्याच्या गुंडाळलेल्या देहावर मुखाच्या जागीं बसविण्याची चाल होती, आणि यांतील कित्येक चेहरे मेणांत काढलेले आहेत. फ्लिंडर्स पेट्री या इंग्रज संशोधकानें १८८८ सालीं हवारा येथें उत्खनन केलें तेव्हां असे अनेक चेहरे वाळूंतून बाहेर आले. अठराशें वर्षें उलटलीं तरी त्यांच्या डोळ्यांतील ओल गेलेली नाहीं. जें माणूस गेलें त्याचें मुख मेणानें राखून ठेविलें, असा या द्रव्याचा कलेच्या इतिहासांतील प्रवेश आहे.

आपल्या देशांत मेणानें नेमकें याच्या उलट काम केलें. संस्कृतांत मेणास 'मधूच्छिष्ट' असा एक सुंदर शब्द आहे. मध काढून घेतल्यावर जें उरलें तें मधूच्छिष्ट. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या, बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत धातूची मूर्ति ओतण्याची कृति सांगितली आहे. प्रथम मेणाची मूर्ति घडवावयाची; तिच्यावर मातीचे लेप चढवावयाचे; मग ताप देऊन आंतील मेण वाहून जाऊं द्यावयाचें, आणि जी पोकळी राहील तींत धातूचा रस ओतावयाचा. बस्तरचे कारागीर आजही मेण घालवूनच आपल्या मूर्ति ओततात. भूमध्य समुद्राच्या कांठीं मेण राहिलें आणि त्यानें रंग राखला. आपल्याकडे मेण गेलें आणि जातांना आकार ठेवून गेलें. हे दोन मार्ग वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. विसाव्या शतकांतील चित्रकलेकडे वळतांना ते आपल्या उपयोगीं पडणार आहेत.

मेणचित्राची रीति मध्ययुगांत मागें पडली. अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें काउंट द केलस यानें तिचें पुनरुज्जीवन करण्याचा प्रयत्न केला, पण तो बव्हंशीं पंडिताचा प्रयत्न राहिला. ती पुन्हां जिवंत झाली न्यूयॉर्कमध्यें, आणि तीही एका व्यावहारिक अडचणीमुळें. १९५४ सालीं जॅस्पर जॉन्स हा तरुण चित्रकार अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगवीत होता. त्यानें प्रथम घेतलेला रंग लौकर वाळेना. दुसरा फटकारा मारतांना पहिला बिघडे. तेव्हां त्यानें मेण घेतलें. मेण तत्काळ थिजत असल्यामुळें प्रत्येक फटकारा जसाच्या तसा, स्वतंत्र राहूं लागला. या 'फ्लॅग'नंतर लगेच, १९५५ सालीं, त्यानें 'व्हाइट फ्लॅग' हें चित्र केलें. तें १९९८ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या मालकीचें आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीनें हें दुसरें चित्र अधिक महत्त्वाचें आहे. सुमारें दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद असा हा ध्वज तीन भागांचा बनलेला आहे: तारकांचा एक, तारकांच्या बाजूच्या पट्ट्यांचा दुसरा, आणि खालच्या लांब पट्ट्यांचा तिसरा. वर्तमानपत्राचे व कापडाचे तुकडे वितळलेल्या मेणांत बुडवून ते फळकांवर बसविले आहेत, त्यांवर पुन्हां मेणाचे थर दिले आहेत, आणि मधूनमधून पांढऱ्या तेलरंगाचा हात फिरविला आहे. ध्वजाचे लाल व निळे रंग पार नाहींसे झाले आहेत. उरला आहे तो पिंवळसर पांढरेपणा, आणि त्या पांढरेपणाखालीं अस्फुट दिसणाऱ्या छापील ओळी. त्या वाचण्याचा प्रयत्न करावा तर वाचतां येत नाहींत. त्या नाहींतच असें म्हणावें तर तसेंही म्हणवत नाहीं. रस्त्यांत ज्यास पाहून माणसें उभीं राहतात, ज्याच्यासाठीं लढाया होतात, त्या चिन्हाचा गोंगाट येथें पांढऱ्या मेणाखालीं निमाला आहे. हें चित्र शांत आहे, परंतु ही शांतता आयती मिळालेली नाहीं. ध्वजाची घोषणा आणि वर्तमानपत्राची बडबड या दोन मोठ्या आवाजांवर थर चढवून ती मिळविलेली आहे.

आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा येथें हातीं लागतो. मौन आणि रितेपणा यांत भेद आहे. ज्याच्याजवळ बोलण्यासारखें आहे आणि जो बोलत नाहीं त्याचें तें मौन. ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याचा तो रितेपणा. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. सभेंत गप्प बसलेला विद्वान आणि गप्प बसलेला अजाण मनुष्य यांस पहिल्या पांच मिनिटांत कोण वेगळें काढूं शकेल? पण अर्धा तास गेला कीं फरक कळूं लागतो. चित्राचेंही तसेंच आहे. ज्या चित्रांत कांहीं झांकलें गेलें आहे, किंवा जेथून कांहीं काढून घेतलें गेलें आहे, आणि त्या झांकण्याची वा काढण्याची खूण पृष्ठभागावर राहिली आहे, तेंच चित्र मौनाचें होय.

या ठिकाणीं लेसिंगच्या 'लाओकोऑन'ची आठवण होणें अपरिहार्य आहे. १७६६ सालच्या या प्रबंधांत त्यानें काव्य ही कालाची कला व चित्र ही अवकाशाची कला असा विभाग पाडला, आणि आमच्या पिढीनें तो महाविद्यालयांत शिकतांना व पुढें शिकवितांना बहुधा निमूटपणें स्वीकारला. आकृति असलेल्या चित्रास तो पुष्कळसा लागूंही पडतो. कारण तेथें एक क्षण निवडून गोठविलेला असतो. पण थरांच्या चित्रास तो अपुरा पडतो. तेथें एकामागून एक घडलेल्या क्रिया एकावर एक रचलेल्या असतात. काल तेथें आडवा न पसरतां खोल सांचलेला असतो. म्हणूनच अशा चित्राची संगीताशीं केली जाणारी तुलना आम्हांस अर्धीच पटते. शब्दांवांचूनचा आलाप आपण डोळे मिटून ऐकतों, मग आकृतीवांचूनचा रंग कां पाहूं नये, हें म्हणणें योग्य आहे. परंतु विलंबित ख्याल ऐकतांना गवई आपणांस हाताला धरून नेतो. किती वेळ बसावयाचें हें तो ठरवितो. चित्र आपला वेळ आपल्याकडून मागत नाहीं. त्यानें सांचविलेला काल आपण आपला काल खर्च करून उलगडावयाचा असतो, आणि जो तो खर्च करीत नाहीं त्यास भिंतीवर एक पांढरट फळी तेवढी दिसते.

जॉन्सनें दाखविलेली वाट पुढें ज्यानें अगदीं वेगळ्या दिशेस नेली तो ब्राइस मार्डन. त्याचा जन्म १९३८ चा व मृत्यु २०२३ चा. १९६४ सालीं न्यूयॉर्कच्या ज्यूइश म्यूझिअममध्यें जॉन्सच्या कृतींचें मोठें प्रदर्शन भरलें, तेव्हां हा तरुण त्याच इमारतींत रखवालदाराची नोकरी करीत होता. रखवालदारास चित्रासमोर उभें राहण्याचाच पगार मिळतो! पुढें लवकरच त्यानें तेलरंगांत वितळलेलें मेण व टर्पेंटाइन मिसळून एकरंगी पटल रंगविण्यास आरंभ केला. मेणामुळें तेलरंगाची चकाकी मेली, आणि पृष्ठभाग कातड्यासारखा मऊ व निस्तेज झाला. या चित्रांचा रंग नेमका कोणता तें सांगणें कठीण. राखाडी म्हणावा तर त्यांत हिरवट छटा दिसते, हिरवा म्हणावा तर तो तपकिरीकडे झुकतो. १९७० च्या दशकांतील त्याच्या 'ग्रोव्ह ग्रूप' या चित्रमालेस ग्रीसमधील ऑलिव्हच्या राया प्रेरक झाल्या. ऑलिव्हचें पान वरून गर्द आणि खालून रुपेरी असतें; वारा आला कीं सबंध झाडाचा रंग पालटतो. तें झाड मार्डननें काढलेलें नाहीं. पण तो न ठरणारा रंग त्यानें मेणांत धरून ठेवला आहे.

मार्डनच्या आरंभीच्या पटलांत आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती त्यांची खालची कड. तेथें त्यानें अरुंद पट्टी न रंगवितां सोडली आहे, आणि वरून ओघळलेले थेंब तींत जमले आहेत. वरचा सारा विस्तार एकाच शांत रंगाचा. पण खालीं पाहावें तो त्या शांततेचा हिशेब लिहिलेला! कोणते रंग आले, कोणते त्यांच्याखालीं गेले, हें त्या थेंबांत दिसतें. ही पट्टी झांकून टाकली तर चित्र कदाचित् अधिक नीटनेटकें होईल, पण तें विश्वासार्ह राहणार नाहीं. याच कारणास्तव, दोन-तीन पटलांचीं प्रमाणें अतिशय काटेकोर जुळविलेल्या त्याच्या कांहीं चित्रांविषयीं आम्हांस तितकी आस्था वाटत नाहीं. तेथें संयम हा चित्रकाराचा स्वभाव न राहतां त्याचा पोशाख झाला आहे, असें वाटूं लागतें.

आतां आपल्या साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. रस उत्पन्न व्हावयाचा तर विभाव पाहिजे. ज्या चित्रांत आलंबन नाहीं, उद्दीपन नाहीं, तेथें शांतरस तरी कोठून येणार? भरतानें मूळ आठ रस सांगितले आणि शांत हा नववा मागाहून आला असें मानतात. अभिनवगुप्तानें त्याचा पक्ष मोठ्या समर्थपणें मांडला. परंतु त्यानेंही शांतास कांहीं निराधार मानलें नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, थरांच्या चित्रांत पृष्ठभाग हाच विभाव असतो. बा. सी. मर्ढेकरांनीं कलाकृतीच्या लयीचीं संवाद, विरोध व समतोल हीं तीन तत्त्वें सांगितलीं. मेणचित्रांत तीं तिन्ही आहेत, पण इतक्या मंद स्वरांत कीं डोळा निवल्याशिवाय तीं जाणवत नाहींत. दोन पांढऱ्यांमधील विरोध दिसूं लागेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळांत प्रेक्षकाचें मन आपोआप संथ झालेलें असतें. शम हा चित्रांत रंगविलेला नसून तो पाहण्याच्या क्रियेंत निपजतो. ध्यान हा शब्द वापरावयाचाच असेल तर तो या अर्थानें वापरावा, आणि ज्या चित्रापुढें असें कांहीं घडत नाहीं त्यास तो देऊं नये.

या सर्व विवेचनाची खरी कसोटी आपल्या भाषिकांच्या दृष्टीनें गायतोंडे यांच्या चित्रांवर लागते. त्यांचें घराणें गोव्याचें, जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजीं नागपुरांत, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत, तेथील पदविका १९४८ ची. १९५७ सालीं टोकियोच्या तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनांत त्यांस पहिलें पारितोषिक मिळालें. १९६४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. १९७२ पासून ते दिल्लीस राहिले व २००१ सालीं तेथील वास्तव्यांतच निवर्तले. २०१४ च्या ऑक्टोबरांत न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरविलें. झेन पंथाच्या विचाराची त्यांस ओढ होती. वर्षाकांठीं ते मोजकींच चित्रें करीत. आणि आपल्या चित्रांस 'अमूर्त' म्हटलेलें त्यांस रुचत नसे. 'वस्तुनिरपेक्ष' या अर्थाचा इंग्रजी शब्द त्यांस अधिक पसंत होता.

गायतोंडे यांचें माध्यम मेण नव्हे, तेलरंग. मग त्यांस या लेखांत स्थान कां, असें कोणी विचारील. त्यांच्या कामाची रीत पाहिली म्हणजे याचें उत्तर मिळतें. ते कॅनव्हासवर रंगाचे पातळ थर रूळ फिरवून देत, सुरीनें खरवडून काढीत, पुन्हां देत. वर्तमानपत्रांचे व मासिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर ठेवून ते उचलून घेत, म्हणजे कागदाबरोबर कांहीं रंग निघून येई आणि कांहीं मागें राही. जॉन्सनेंही वर्तमानपत्राचा कागदच घेतला होता. त्यानें तो मेणांत पुरला, व तो तेथेंच राहिला. गायतोंडे यांनीं तो ठेवला आणि काढून घेतला. राहिला तो त्याच्या स्पर्शाचा ठसा. एकाचा मार्ग फायूमच्या चित्रकाराचा, राखून ठेवण्याचा. दुसऱ्याचा मार्ग आपल्या मूर्तिकाराचा. घालवून आकार मिळविण्याचा. गायतोंडे यांनीं 'मानसोल्लास' पाहून हें केलें असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. दोन्ही पद्धतींत द्रव्य जातें आणि त्याची खूण राहते, एवढेंच साम्य आम्ही दाखवीत आहों, आणि तें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

त्यांच्या १९७० च्या दशकांतील उभ्या चित्रांसमोर थोडा वेळ थांबावें. प्रथम एक रंग दिसतो. मग त्या रंगांत कोठें तो दाट आहे, कोठें विरळ आहे, हें कळूं लागतें. मग उजेड कोणत्या बाजूनें येत आहे याचा शोध डोळा घेऊं लागतो, आणि तो बाजूनें येत नसून पाठीमागून झिरपत आहे हें उमगतें. मेणानें जें काम अर्धपारदर्शकतेनें केलें तेंच येथें खरवडण्यानें केलें आहे. मध्यें कोठें लिपीसारखे कांहीं आकार तरंगतात. स्पष्टच सांगावयाचें तर हे आकार जेथें फार ठसठशीत होतात व चिन्ह म्हणून वाचले जाऊं पाहतात, तेथें चित्र दुबळें होतें असें आमचें मत आहे. कारण मग प्रेक्षक पाहावयाचें सोडून अर्थ लावूं लागतो. जेथें ते नुकतेच उगवत आहेत कीं मावळत आहेत हें ठरत नाहीं, तेथें गायतोंडे यांची बरोबरी करणारे फार थोडे. त्यांच्याभोंवतीं आतां ऋषितुल्य एकांतवासाची जी आख्यायिका विणली जात आहे, तिची या चित्रांस गरज नाहीं. चित्रकार एकटा राहत असे यावरून चित्र चिंतनशील ठरत नाहीं. एकटीं राहणारीं माणसें पुष्कळ असतात!

आमच्या म्हणण्यावर एक मोठा आक्षेप येईल, तो टाळून चालणार नाहीं. थर हाच जर पुरावा, तर जितके थर अधिक तितकें चित्र श्रेष्ठ काय? श्रमावरून मोल ठरवावयाचें तर जात्यावर दळणारी बाई सर्वांत थोर कलावती ठरेल. आक्षेप खरा आहे. श्रम हें मोल नव्हे. वीस थर देऊनही चित्र मठ्ठ राहूं शकतें. आणि मेणाच्या बाबतींत तर धोका अधिक आहे, कारण मेण हें मुळांत देखणें द्रव्य आहे. त्याचे दोन थर दिले, मधें एखादें वाळलेलें पान, जुन्या पत्राचा कपटा किंवा पोथीचें पान पुरलें, कीं कोणाच्याही हातून कांहीं तरी गूढ, जुनाट, हळवें असें तयार होतें. दिवाणखान्याच्या भिंतीस तें शोभतेंही. पण तें पान तेथें कां, त्याच्या जागीं दुसरें असतें तर काय बिघडलें असतें, आणि त्यावरचा थर नसता तर कोणतें सत्य उघडें पडलें असतें, या प्रश्नांस त्या चित्राजवळ उत्तर नसतें. 'व्हाइट फ्लॅग'वरचें मेण खरवडून काढलें तर खालीं एक राष्ट्र सांपडतें. या चित्रांवरचें काढलें तर शोभेचें सामान सांपडतें. तेव्हां प्रश्न थर किती हा नसून त्या थरानें काय सोडलें हा आहे. प्रत्येक थर म्हणजे कांहीं तरी दिसेनासें करण्याचा निर्णय असतो. चित्रकारास तें सोडतांना कांहीं वाटलें असेल, तरच त्याची खूण वर राहते.

म्हणून हसणाऱ्या प्रेक्षकास आमचें सांगणें असें कीं, त्यानें हसावें, पण तेथून निघून जाऊं नये. अशा चित्रासमोर एका खुर्चीवर दहा मिनिटें बसावें. प्रथम त्याची कड पाहावी, कारण थर कडेला लपत नाहींत. मग बाजूस सरकून तिरप्या उजेडांत पृष्ठभाग पाहावा. कोठें खरवडलें आहे, कोठें भरलें आहे, तें दिसेल. मग पुन्हां समोर यावें. तेवढ्यानें जर चित्र पूर्वीपेक्षां अधिक झालें, त्यांतील एका रंगाचे दोन झाले, दोहोंचे चार झाले, तर चित्रकारानें तेथें खरोखर कांहीं ठेविलें आहे असें समजावें. दहा मिनिटांनीं तें जितकें होतें तितकेंच राहिलें, किंवा त्याहून कमी झालें, तर पुस्तिकेंत कांहींही छापलेलें असो आणि लिलावांत कांहींही पुकारलें जावो, आपण निःशंक उठून जावें. मान डोलावणाऱ्यासही आमची हीच विनंती आहे. मात्र त्यानें ती दहा मिनिटें मान स्थिर ठेवावी. ज्या घरांत तंबोरा लागेपर्यंत थांबण्याची रीत आहे, त्या घरांतील माणसांस हें अवघड जाऊं नये.